शिक्क्यांची शुभेच्छापत्रं आणि मुंबईची दमट हवा (कागद, शाई, एम्बॉसिंग, मराठी शिक्के)

शाईपुसणी

गणपती गेले की दिवाळीच्या कार्डांना हात लागतो आणि दरवर्षी याच सुमारास तेच तीन प्रश्न येतात: शाई फुटते, घडीवर कागद तडकतो, एम्बॉसिंगची (ठशावर वितळवून उठाव आणायची) पावडर नको तिथे चिकटते. आपण लगेच शिक्क्याला दोष देतो. बहुतेक वेळा गडबड कागदात असते, म्हणून धागा कागदापासूनच सुरू करतेय. बाकीच्यांनी आपापल्या हातखंड्याचं लिहावं.

कार्ड ए६ मापाचं ठरवा. ए५ तुकडा (१४८ × २१० मिमी) मधोमध दुमडला की ए६ होतं आणि त्याला सी६ पाकीट (११४ × १६२ मिमी) बसतं. चारी बाजूंनी जरा जागा उरते, त्यामुळे वर एखादा थर चिकटवला तरी पाकीट ताणलं जात नाही. जाडी २५० ते ३०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). २०० च्या खाली कार्ड पंख्याच्या वाऱ्याने लवंडतं. ३५० च्या वर घडी फुगते आणि कार्ड मिटून राहत नाही.

सुटे ए४ घेऊ नका, महाग पडतात. क्रॉफर्ड मार्केटसमोर अब्दुल रहमान स्ट्रीटला पूर्ण ताव घ्या आणि कटिंग मशीन असलेल्याकडून कापून घ्या. २३ × ३६ इंची तावातून ए५ चे १२ तुकडे निघतील असं सांगतात, कारण सगळे एकाच दिशेने मांडतात. प्रत्यक्षात १६ निघतात. २१० मिमी उंचीच्या दोन ओळी, प्रत्येकीत ६. खाली जी पट्टी उरते तिच्यात आडवे ४. कापणाऱ्याला हे कागदावर आखूनच द्या, तोंडी सांगून भागत नाही.

मात्र त्या शेवटच्या ४ तुकड्यांचा ग्रेन उलटा असतो. यंत्रावरच्या कागदात तंतू एका दिशेला लागलेले असतात, तो ग्रेन. घडी त्याला समांतर आली तर स्वच्छ पडते. आडवी आली तर तंतू तुटतात आणि रंगीत कार्डाच्या पाठीवर पांढरी भेग उमटते. तावाचा ग्रेन ३६ इंची बाजूला समांतर असेल तर पहिले १२ तुकडे कार्डाला घ्या आणि हे ४ वरच्या थरांना किंवा टॅगना वापरा, तिथे घडीच नसते.

ग्रेन ओळखायचा तर ताव दोन्ही दिशांनी हलकेच वाकवा, मोडू नका. ज्या दिशेने मऊ वळतो, तिथे पडू पाहणाऱ्या घडीला समांतर ग्रेन. छोट्या तुकड्याच्या एका बाजूवर ओलं बोट फिरवा. तो सुरळीसारखा वळतो. सुरळी ज्या दिशेला लांब, तोच ग्रेन.

घडीआधी खाच हवीच. शाई संपलेलं बॉलपेन पुरतं. स्टीलची पट्टी लावून १०५ मिमीवर एकदाच फिरवा, दुसऱ्यांदा फिरवलं की शेजारी दुसरी रेघ पडते. आणि हे नीट वाचा: दुमडताना खाच बाहेर आणि उठलेला उंचवटा आत. पुष्कळ जण उलट दुमडतात आणि मग घडी जाड दिसते. शेवटी बोन फोल्डर (घडी दाबायची बोथट पट्टी) किंवा चमच्याची पाठ फिरवा, पण मध्ये बटर पेपर ठेवा, नाहीतर कागदाला चकाकी येते.

टिंबटिंब

उपयुक्त धागा. वरचा थर किती मापाचा कापायचा? माझा नेहमी एका बाजूला तिरका दिसतो.

शाईपुसणी

@टिंबटिंब, ९५ × १३८ मिमी. चारी बाजूंना ५ मिमी कड सुटते. २ मिमी कड सुंदर दिसते, पण अर्ध्या मिलिमीटरची चूकही लगेच नजरेत येते. ५ मिमीमध्ये ती खपून जाते. आणि कटरचं पातं बदला. बोथट पातं कागद ओढतं, तिरकेपणा तिथूनच येतो. ९ मिमीच्या कटरचं एक टोक साधारण २०-२५ काप नीट देतं, मग मोडून पुढचं घ्यायचं.

कागदी होडी

हातकागदाबद्दल लिहितो, कारण दिवाळीला लोकांना तो हवाच असतो आणि शिक्क्यांशी त्याचं सहज जमत नाही.

पुण्याची हातकागद संस्था, सांगानेरचे कागझी किंवा आपल्याकडे फोर्टात चिमणलाल, कुठूनही घ्या, हा कागद बहुतेक सुती चिंध्यांच्या लगद्याचा असतो. तंतू लांब आणि सगळ्या दिशांनी पसरलेले, त्यामुळे ग्रेन जवळपास नाहीच. कुठूनही दुमडा, तडकणार नाही. घडीच्या कार्डाला याहून चांगला कागद नाही.

अडचण शाईची आहे. कागदाला खळ किती दिली आहे यावर सगळं अवलंबून. कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर खळ पुरेशी आहे. लगेच शोषला गेला तर त्यावर डाय (कागदात शिरणाऱ्या) शाईचा शिक्का उठवू नका. शाई तंतूंच्या वाटेने पळते आणि रेघेला केस फुटल्यासारखे दिसतात. तिथे पिगमेंट शाई घ्या, ती वरच बसते.

दुसरी अडचण खडबडीतपणाची. ठसठशीत आकृत्या (पणती, कोयरी, शंकरपाळी) छान उठतात, किंचित तुटक रेघ शोभूनही दिसते. बारीक अक्षरं मात्र वाचता येत नाहीत. म्हणून हातकागद खाली, कार्ड म्हणून. शिक्का गुळगुळीत १६०-२०० जीएसएम कागदावर उठवा आणि तो तुकडा वर चिकटवा. फुलांच्या पाकळ्या घातलेला कागद असेल तर बोट फिरवून उंचवटे शोधा. पाकळीवर शिक्का आला की तिच्याभोवती पांढरं कडं राहतं.

आडवी वेलांटी

शाईचं मी लिहिते. नावं डझनभर आहेत, पण आधी एवढंच पाहायचं: शाई कागदात शिरते की कागदावर बसते.

शिरते ती डाय. लवकर वाळते, बारीक रेघ चोख येते, पण उन्हात फिकी पडते आणि गडद कागदावर दिसत नाही. बसते ती पिगमेंट. काळ्या किंवा मरून कागदावर पांढरा, सोनेरी शिक्का हवा तर हीच. वाळायला वेळ घेते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडे फारच. चकचकीत आर्ट कार्डवर पिगमेंट वाळतच नाही, कारण तिला शिरायला वावच नसतो. दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. त्यावर एम्बॉसिंग पावडर घालून वितळवणं एवढाच मार्ग. तिसरी सॉल्व्हंट शाई: ओएचपी शीट, फॉइल, काच यांच्यासाठी. खिडकी उघडी ठेवून वापरा. तिच्यासोबत येणारा क्लीनर पॉलिमरच्या पारदर्शक शिक्क्यांना लावू नका, ते चिकट होऊन फुगतात. लाल रबराला चालतो.

आता जिथे सगळ्यात जास्त कार्डं वाया जातात ते. शिक्क्याच्या बाह्यरेषेत रंग भरायचा असेल तर शाई रंगाकडे पाहून निवडा. जलरंग किंवा वॉटर ब्रश: पाण्यात न विरघळणारी शाई, म्हणजे आर्काइव्हल प्रकारची. अल्कोहोल मार्कर: अल्कोहोलने न फुटणारी, मेमेन्टोसारखी. ही अदलाबदल झाली की काळी रेघ रंगात उतरते आणि पिवळी पणती राखाडी दिसते. कोरड्या रंगीत पेन्सिलींना काहीही चालतं. आणि 'पाण्यात न विरघळणारी' शाईसुद्धा उठवल्या उठवल्या तशी नसते. पावसाळ्यात अर्धा तास द्या.

चौथी_सीट

ऑफिसचं साधं स्टॅम्प पॅड चालेल का? निळं आणि लाल घरात आहे.

आडवी वेलांटी

@चौथी_सीट, मुलांच्या कामाला चालेल. त्या शाईत पॅड सुकू नये म्हणून ग्लिसरीनसारखं द्रव्य असतं, आणि ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं. साध्या शोषक कागदावर ती मुरते आणि ठीक दिसते. गुळगुळीत कार्डवर दिवसभर पुसली जाते. हातकागदावर भोवती फिकट निळी कडा पसरते. शिवाय जांभळट निळा रंग पाहिला की पावतीच आठवते.

याच गुणाचा एक फायदा मात्र आहे: शाई ओली राहते म्हणून तिच्यावर पारदर्शक एम्बॉसिंग पावडर धरते. ठसठशीत आकृतीला हे चांगलं जमतं.

दुपारची भरती

शिक्का उठवण्याची पद्धत कुणी लिहिली नाही, ती लिहितो.

पारदर्शक शिक्के दोन जातींचे असतात. फोटोपॉलिमर हाताला किंचित चिकट लागतो आणि शाई सलग धरतो. सिलिकॉन गुळगुळीत, निसटता. त्याच्यावर शाईचे मोती होतात आणि ठसा ठिपक्याठिपक्यांचा येतो. बाजारातले स्वस्त संच बरेचसे सिलिकॉनचे. टाकून देऊ नका. पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने पृष्ठभागावर फिरवा, मग पिगमेंट शाईचे दोन-तीन ठसे रद्दी कागदावर घ्या. त्यानंतर बराच सुधारतो.

शाई लावताना शिक्का उताणा धरा आणि पॅड त्याच्यावर थोपटा. शिक्का पॅडवर दाबला की कडेच्या पाटीलाही शाई लागते आणि ठशाभोवती अर्धवट चौकट उठते. कागदावर ठेवल्यावर डोलवू नका. सरळ खाली, तळव्याने तीन-चार सेकंद दाब, सरळ वर.

खाली काय ठेवायचं? लाकडी दांड्याच्या रबरी शिक्क्याच्या पाठीला बहुधा फोम असतो, त्याला टेबल चालतं. ॲक्रिलिक ब्लॉकवर (शिक्का चिकटवून धरायच्या पारदर्शक ठोकळ्यावर) लावलेल्या पॉलिमरला फोम नसतो, म्हणून कागदाखाली २ मिमीची फोम शीट ठेवा. मधला भाग फिका उठतो त्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच.

फिका उठलाच तर दुसऱ्यांदा त्याच जागी उठवता येईल अशी सोय हवी. स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म विकत मिळतो. छोट्या कामाला सीडीचा जुना प्लास्टिक डबा पुरतो. आतली गोल खाचेची चौकट काढा, तळाला फोम शीट घाला, कागद बिजागरीकडच्या कोपऱ्याला घट्ट भिडवा. शिक्का कागदावर पालथा ठेवून झाकण लावा: पॉलिमर झाकणाला चिकटून वर येतो. आता शाई लावा, झाकण मिटा, दाबा. हवं तर पुन्हा. ८ × ११ सेंमीपर्यंतचा तुकडा आरामात बसतो. ४० कार्डं एकसारखी हवी असतील तर याच्याशिवाय बसू नका.

एकामागे एक पणत्यांची रांग दाखवायची असेल तर पुढची पणती आधी उठवा. तोच शिक्का चिकट चिठ्ठीच्या डिंकाच्या कडेवर उठवून कापा, तो मुखवटा पहिल्या पणतीवर बसवा, मग मागची उठवा. मुखवटा रेघेच्या आतून कापायचा, केसाएवढा लहान. बाहेरून कापला तर दोन पणत्यांमध्ये पांढरी फट राहते.

शिरोरेघ

मराठी मजकुराच्या शिक्क्यांबद्दल. तयार संच इंग्रजी असतात, त्यामुळे 'शुभ दीपावली' किंवा 'तिळगुळ घ्या गोड बोला' करूनच घ्यावं लागतं. फोर्टात आणि जवळपास प्रत्येक स्टेशनबाहेर शिक्के करणारे आहेत, पण काय मागायचं ते माहीत हवं.

नुसतं 'शिक्का करायचाय' म्हटलं की प्री-इंक शिक्का हातात येतो. तो कार्यालयाच्या कामाचा. आत तेलकट शाई भरलेली असते, रंग बदलता येत नाही आणि हातकागदावर तेलाची कडा सुटते. मागायचं असं: "पॉलिमरचा, दांड्याशिवाय, नुसता." मागे पारदर्शक दुहेरी टेप लावून तो ॲक्रिलिक ब्लॉकवर बसवता येतो, आणि दांड्याचे पैसे वाचतात.

फाइल देताना जपा. वर्डची किंवा जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाइल दिली आणि त्यांच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तर जोडाक्षरं मोडतात, रफार शेजारच्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी भलत्याच बाजूला लागते. शिक्के करणाऱ्याला मराठी येत नसेल तर त्याच्या लक्षातही येत नाही. अक्षरांचे कर्व्ह करून (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्या करून) पीडीएफ द्या, किंवा ६०० डीपीआयचं, प्रत्यक्ष मापाचं, निव्वळ काळं-पांढरं चित्र. करडी छटा नको. आरशातलं उलटं तुम्ही करू नका, ते त्यांचं ते करतात. दोघांनी केलं की शिक्का वाया.

फॉन्टबद्दल: मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या गटाचे 'मुक्त' आणि 'बालू' मोफत मिळतात आणि शिक्क्याला उत्तम आहेत, रेघ एकसारखी जाड आणि पोटं मोकळी. त्यांचाच 'मोदक' दिसायला देखणा, पण त्याच्या अक्षरांच्या आतली पांढरी जागा केसाएवढी असते. शिक्क्यात ती पहिल्याच ठशाला शाईने भरते. मोदक मोठ्या छपाईला ठेवा.

'शुभेच्छा' हा शब्द कसोटीचा आहे. 'च्छ' पाहा: अर्ध्या 'च'ची खालची पिशवी, लगेच 'छ'ची गाठ, आणि दोन्हींच्या मध्ये चिंचोळी फट. लहान मापात आधी ही फट बुजते, मग गाठीचं पोट, आणि शब्दाच्या मध्यभागी एक काळा डाग उरतो. मी २४ पॉइंटच्या खाली जात नाही. स्वतः तपासायचं तर मजकूर प्रत्यक्ष मापात छापा, त्याची झेरॉक्स काढा, आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीत जे बुजलं ते शिक्क्यात बुजणार असं धरून चाला.

अनुस्वाराची गोष्ट वेगळी. 'अभिनंदन'मधलं टिंब शिक्क्यावर सुट्या खांबासारखं उभं असतं, पुसताना वाकतं नाहीतर तुटून येतं. टिंब किमान १ मिमीचं करा आणि शिरोरेघेच्या जवळ आणा. उकार, वेलांट्यांची टोकंही ०.३ मिमीपेक्षा बारीक नकोत.

सुट्या अक्षरांचे शिक्के जुळवून शब्द केला तर शिरोरेघेत फटी पडतात. त्या ०.३ च्या काळ्या फाइनलायनरने पट्टी लावून जोडा, सगळा शब्द उठवून वाळल्यानंतर. शाई आणि पेन दोन्ही एकाच काळ्या छटेचे आहेत का ते आधी रद्दीवर बघा. एक निळसर काळा, एक तपकिरी काळा असं झालं की जोड उठून दिसतात.

टिंबटिंब

झेरॉक्सची युक्ती फारच चांगली. धन्यवाद!

कागदी होडी

एम्बॉसिंग. दमट हवेमुळे इथे सगळ्यात जास्त त्रास याच कामात होतो.

लागतं ते: व्हर्सामार्कसारखी ओली राहणारी पारदर्शक शाई (किंवा पिगमेंट), पावडर, हीट गन, बारीक कोरडा ब्रश आणि एक पुरचुंडी. पुरचुंडी घरी करा. मलमलच्या दुहेरी कापडात दोन चमचे कॉर्नफ्लोअर बांधायचं, झालं. शिक्का उठवण्याआधी ती कागदावर फिरवायची, म्हणजे बोटांचा तेलकटपणा आणि ओल झाकली जाते आणि पावडर फक्त शाईला धरते.

पावसाळ्यात तेवढ्याने भागत नाही. कागदाच्या अंगातच ओल असते. शिक्का उठवण्याआधी कोरा तुकडा हीट गनने ८-१० सेकंद सगळीकडून शेकून घ्या, गार होऊ द्या, मग पुरचुंडी, मग शिक्का. हे न करता गरम केलं तर वाफ कागदातून वर येते, पावडरीत बारीक बुडबुडे राहतात आणि कार्ड वाटीसारखं वळतं.

पावडर भरभरून ओता, खाली घडी घातलेला कागद ठेवा, उरलेली परत डबीत. मग कागदाच्या पाठीवर टिचकी. चुकार कण ब्रशने काढा, कारण वितळल्यावर ते निघत नाहीत.

पंखा बंद. गन आधी बाजूला धरून १०-१५ सेकंद तापू द्या आणि मगच कागदावर आणा, ५ ते ७ सेंमीवरून. आता डोळा ठसाभर फिरवत ठेवा. आधी पावडर रव्यासारखी रवाळ, निस्तेज असते. काही सेकंद काहीच होत नाही आणि अधीर माणूस इथेच गन जवळ आणतो, आणू नका. एका कडेला अचानक ओली चमक येते, रवा मिटतो, आणि ती चमक रेघेवरून पुढे सरकायला लागते. गन तिच्या पुढे पुढे न्यायची. चमक पोचली की तिथून हलायचं, थांबायचं नाही. जास्त तापली तर पावडर कागदात उतरते, उठाव बसतो आणि मागून तेलाचा डाग दिसतो. तो दुरुस्त होत नाही. कमी तापली तर बोटाला पिठीसाखरेसारखी कचकच लागते; ते पुन्हा गरम करून सुधारतं.

कटिंग मॅटवर हे करू नका, मॅट वाकडी होते. लाकडी पाट किंवा फरशीचा जादा तुकडा घ्या.

चौथी_सीट

हेअर ड्रायर चालतो असं ऐकलंय...

कागदी होडी

@चौथी_सीट, नाही. ड्रायरचा वारा जास्त आणि उष्णता कमी, वितळण्याआधीच पावडर उडून जाते. गन नसेल तर चिमट्याने कार्ड धरून टोस्टरच्या किंवा तापलेल्या इस्त्रीच्या वर धरा, चित्र वरच्या बाजूला, कागद टेकू न देता. खालून उष्णता लागली तरी पावडर वितळते. गॅसच्या ज्योतीवर अजिबात नको, कागद भाजतो आणि पेटूही शकतो.

दोनदा_बारा

चिकटवण्याबद्दल: मी सगळीकडे फेव्हिकॉलच वापरते, स्वस्त आणि पक्कं. कार्डं करणारे दुहेरी टेपच सांगतात, तिचा एवढा आग्रह कशासाठी?

आडवी वेलांटी

@दोनदा_बारा, पक्कं आहे, प्रश्न पाण्याचा आहे. त्यात पाणी असतं, ते थराच्या कागदात शिरतं, कागद फुगतो आणि वाळताना आकसतो. वरचा थर १६० जीएसएमचा आणि खालचा ३०० चा असला की दोघं सारखे आकसत नाहीत आणि कार्ड धनुष्यासारखं वळतं. मोठ्या सपाट थराला ६ मिमीची दुहेरी टेप, चारी कडांना आणि मध्ये एक तिरकी पट्टी. मधली विसरलात की थर पोटात फुगतो.

फेव्हिकॉल मात्र बारीक कापलेल्या तुकड्यांना हवाच. सुईसारखं तोंड असलेल्या बाटलीत भरा आणि राईएवढे ठिपके द्या. टेप एकदा टेकली की हलत नाही. फेव्हिकॉलवर तुकडा सरकवून जागेवर आणायला अर्धं मिनिट मिळतं.

ग्लू स्टिकच्या कडा काही महिन्यांनी सुटतात. रबरी सोल्युशन पातळ कागदातून पिवळं वर येतं. झटपट चिकटणारा गोंद कागदावर पांढरी बुरशी आल्यासारखा डाग सोडतो. हे तिन्ही कार्डावर टाळा.

दोनदा_बारा

मान्य, धनुष्य होतं खरं. फेव्हिकॉल ठिपक्यांपुरता ठेवते. भुलेश्वरची लेस कशाने लावायची?

आडवी वेलांटी

दुहेरी टेपनेच, लेसच्या दोन्ही टोकांना कार्डाच्या आत १ सेंमी वळवून. मग आतली टोकं झाकायला शुभेच्छेचा कागद चिकटवा. जरीची लेस जड असते, तिला पोटात दोन ठिपके फेव्हिकॉल.

गारगोटी

खोडरबरावर कोरलेल्या शिक्क्यांबद्दल थोडं, कारण पैसे कमी लागतात. मोठा, मऊ, पांढरा खोडरबर घ्या. रंगीत सुगंधी भुगा होऊन तुटतात. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने चित्र काढा, पालथं रबरावर ठेवा, नखाने घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं, म्हणजे ठसा सुलटा येतो. अक्षरांनाही हेच लागू, डोक्याने उलटी करत बसू नका.

पातं रेघेपासून बाहेरच्या बाजूला कलतं धरा, रेघेखाली डोंगराच्या पायथ्यासारखा उतार राहिला पाहिजे. आत कललं तर रेघ पोखरली जाते आणि दहाव्या ठशाला लोंबते. गोल वळणाला हात स्थिर आणि रबर फिरवा. खोली २ मिमी पुरे.

लहान मुलं असतील तर भेंडी. देठाकडून आडवी कापा, तुकडा तासभर उघडा ठेवा, टिशूने चिकटपणा टिपा. जलरंग पातळ करून नको, पोस्टर कलर घट्टच, स्पंजवर लावून. सुंदर कोनदार फूल उठतं.

दुपारची भरती

उघडल्यावर उभी राहणारी पणती (पॉप-अप) बऱ्याच जणांना हवी असते आणि ती मिटल्यावर कार्डाबाहेर डोकावते. हिशोब सोपा आहे.

कार्ड आडव्या घडीचं धरा, पानाची उंची १०५ मिमी. घडीवर दोन समांतर काप द्या, अंतर २० मिमी, घडीच्या दोन्ही बाजूंना २५-२५ मिमी लांब. टोकांना खाच पाडा आणि मधली पट्टी आत ढकला: पायरी तयार. पणती पायरीच्या पुढच्या उभ्या बाजूवर चिकटवायची. कार्ड मिटताना पणतीचा पाय घडीपासून २५ मिमीवर असतो आणि शेंडा तिथून पुढे. म्हणजे पायरीची खोली + चित्राची उंची ही बेरीज पानाच्या उंचीपेक्षा कमी हवी. २५ + ७५ = १००, कडेला ५ मिमी उरले. ८५ ची पणती घेतली तर ५ मिमी बाहेर येणार.

दोन काप अगदी समांतर हवेत. एक मिलिमीटरचा फरक पडला तरी पायरी पिळते. कागद २०० ते २५० जीएसएम. ३०० ला पायरी कडक होते आणि कार्ड मिटत नाही. कापांची भोकं झाकायला बाहेरून दुसरं कार्ड चिकटवा, पण पायरीच्या पाठीला गोंद लागू देऊ नका.

टिंबटिंब

पोस्टाने पाठवायची आहेत. फोम टेपवर (जाड, मऊ दुहेरी टेपवर) उचललेला थर असेल तर काही अडचण?

शाईपुसणी

@टिंबटिंब, दोन अडचणी: वजन आणि जाडी. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. हिशोब करून बघा: ३०० जीएसएमचं ए५ कार्ड साधारण ९.३ ग्रॅम, १२० जीएसएमचं सी६ पाकीट साडेपाच-सहा, २५० जीएसएमचा ९५ × १३८ चा थर सव्वातीन. झाले १८-१९. फोम टेप, लेस किंवा दुसरा थर आला की २० ओलांडतं. म्हणून थराला २५० ऐवजी १६० चा कागद घ्या, दिसायला फरक नाही आणि ग्रॅमभर वाचतो. सगळी कार्डं होण्याआधी एक पूर्ण करून, पाकिटात घालून, किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा.

जाडीचं असं की पाकिटावर टपालाचा शिक्का जोरात पडतो आणि गठ्ठे सुतळीने आवळतात. फोमवरचा थर मधोमध दबतो. फोमचे ५ मिमीचे तुकडे चार कोपऱ्यांना असतात तसा एक बरोब्बर मध्येही द्या. कुंदन, टिकल्या कार्डाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात नकोत, तिकिटावरचा शिक्का तिथेच बसतो. पाकिटात कार्डासमोर १६० चा एक कोरा तुकडा सरकवला तर टिकल्यांचे वण पाकिटावर उठत नाहीत, पण त्याचेही अडीच ग्रॅम धरा.

गारगोटी

तयार कार्डं दिवाळीपर्यंत कुठे ठेवायची? कपाटात ठेवली की ऑक्टोबरपर्यंत लाटा येतात.

शाईपुसणी

@गारगोटी, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, उभी नाही, आडवी. एम्बॉस केलेल्या दोन कार्डांमध्ये बटर पेपर, नाहीतर उन्हाळलेल्या दुपारी एकाची पावडर दुसऱ्याला चिकटते. तळाला सिलिका जेलच्या दोन पुड्या. डबा भरायचा तो कोरड्या दिवशी दुपारी, पाऊस चालू असताना नाही, कारण जी हवा आत कोंडाल तीच राहते. वर वजन म्हणून दोन जाड पुस्तकं, झाकणावर नाही, आत गठ्ठ्यावर. डबा तेवढा खोल घ्या.